सिटी क्रीक: चर्चनं बांधलेला बाजार आणि पंपातून येणारा ओढा

आई-बाबा मला भेटायला सॉल्ट लेक सिटीला आले होते, तेव्हा पहिल्याच शनिवारी मी त्यांना सिटी क्रीक सेंटर दाखवायला नेलं. दुकानांच्या दोन रांगांमधून ओढा वाहतो. दगडगोटे, झाडं, पाण्यात ट्राउट मासे. आई काठावर बसली आणि म्हणाली, "हा ओढा येतो कुठून रे?"

"पंपातून," मी म्हटलं.

तिला ते खरं वाटेना. मागे बर्फाचे डोंगर दिसत होते, मग पाणी तिथूनच येणार ना! बाबांनी त्या दिवशी एक जॅकेट घेतलं. रात्री घरी घालून पाहिलं तर बाह्या आखूड. "उद्या जाऊन बदलून घेऊ," ते म्हणाले. पण उद्या रविवार होता आणि रविवारी इथली दुकानं बंद असतात. मॉल आणि रविवारी बंद? पुण्याच्या माणसाला हे समजावून सांगताना मला शहराचा अर्धा इतिहास सांगावा लागला. तोच इथे जरा नीट सांगतो.

सिटी क्रीक सेंटरची जमीन आणि त्यातला बहुतांश पैसा चर्चचा आहे. आपण ज्याला मॉर्मन चर्च म्हणतो ते, म्हणजे 'द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. या पंथाच्या लोकांनी १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली हे शहर वसवलं. त्यांचं मुख्य मंदिर शहराच्या मधोमध आहे, आणि मंदिरासमोरचा रस्ता ओलांडला की हा प्रकल्प सुरू होतो. वीस एकरांहून मोठा परिसर, त्यात दुकानं, ऑफिसं, शेकडो घरं आणि जमिनीखाली हजारो गाड्यांचं पार्किंग. खर्च साधारण १.५ अब्ज डॉलर. उद्घाटन मार्च २०१२ मध्ये झालं.

आधी चांगलं ते सांगतो, कारण चांगलं बरंच आहे. इथे पूर्वी दोन मॉल होते. एक १९७५ चा, दुसरा १९८० चा. दोन्ही रस्त्याकडे पाठ करून बसलेले बंद डबे. सॉल्ट लेकचे चौकोनी ब्लॉक अवाढव्य आहेत, एकेक बाजू ६६० फूट, म्हणजे जवळपास २०० मीटर. पायी फिरणाऱ्याला ते अंगावर येतात. सिटी क्रीकच्या वास्तुरचनाकारांनी हे ब्लॉक फोडून मधून पायवाटा काढल्या. छत काचेचं आहे आणि हवा चांगली असली की ते सरकून उघडतं. गाड्या जमिनीखाली गेल्यामुळे अमेरिकेतल्या कितीतरी डाउनटाउनना खाऊन टाकणारी पार्किंगची ओसाड मैदानं इथे नाहीत. मेन स्ट्रीटवर ट्रॅक्स ट्रेनचं स्टेशन अगदी दारात. आणि मुख्य म्हणजे २००८ च्या मंदीत देशभर बांधकामं अर्धवट पडलेली असताना इथल्या क्रेन चालू राहिल्या. पुढच्या तिमाहीच्या नफ्याकडे डोळे लावून बसलेल्या बिल्डरला हे जमलं नसतं. पुढच्या शंभर वर्षांचा विचार करणाऱ्या संस्थेला जमलं.

आता त्या ओढ्याकडे येऊ. सिटी क्रीक नावाचा खरा ओढा आहे. तो शहराच्या उत्तरेच्या दरीतून येतो. १८४७ मध्ये आलेल्या लोकांनी त्याच्याच पाण्यावर पहिली शेतं भिजवली. पुढे शहर वाढलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओढा जमिनीखालच्या नळात गेला. १९८३ च्या उन्हाळ्याआधी डोंगरावरचा बर्फ एकदम वितळला, पाणी नळात मावेना, आणि लोकांनी वाळूच्या पोत्यांचे बांध घालून स्टेट स्ट्रीटवरून ते वाहू दिलं. काही दिवस शहराच्या मुख्य रस्त्याची नदी झाली होती. पलीकडे जायला तात्पुरते लाकडी पूल होते.

मॉलमधल्या ओढ्याला त्याचंच नाव आहे, पण पाणी त्याचं नाही. हे पाणी फिरवून फिरवून वापरतात. ते कधी चढत नाही, आटत नाही, गढूळ होत नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला हा ओढा डेमोसाठी बनवलेल्या स्क्रीनसारखा वाटतो. दिसायला उत्तम, पण मागे खरा डेटाबेस जोडलेलाच नाही. नुसती सजावट म्हणून त्याला माझी हरकत नाही. हरकत एवढ्यासाठी की संपूर्ण परिसर याच पद्धतीनं बांधला आहे. तो रस्त्यासारखा दिसतो पण रस्ता नाही. चौकासारखा दिसतो पण चौक नाही.

हे नीट कळायला आधीचा एक वाद पाहावा लागतो. १९९९ मध्ये महापालिकेनं मंदिराच्या बाजूचा मेन स्ट्रीटचा एक ब्लॉक चर्चला ८१ लाख डॉलरना विकला. चर्चनं तिथे फुलझाडांचं सुंदर पटांगण केलं. लोकांनी येण्याजाण्याचा हक्क शहरानं राखून ठेवला होता, पण धूम्रपान, निदर्शनं, पत्रकं वाटणं यांना मात्र बंदी होती. प्रकरण कोर्टात गेलं. २००२ मध्ये अपील कोर्टानं सांगितलं की जाण्यायेण्याचा हक्क सार्वजनिक असेल तर तिथे बोलण्याचं स्वातंत्र्यही आलंच. त्यावर तोडगा काय निघाला? शहरानं तो हक्कच सोडून दिला आणि बदल्यात दुसऱ्या वस्तीत कम्युनिटी सेंटरसाठी जमीन घेतली. २००९ मध्ये एका समलिंगी जोडप्याला त्याच पटांगणात, चुंबनावरून झालेल्या वादात, सुरक्षारक्षकांनी अडवलं. नंतर लोकांनी तिथे जाऊन चुंबनं घेत निषेध केला. जो तुकडा दहा वर्षांपूर्वी गावाचा रस्ता होता, तिथे आता माणूस 'विनापरवाना घुसलेला' ठरू शकत होता.

मॉल याच पटांगणाच्या दक्षिणेला आहे. मॉल खाजगी असतो, त्याचे नियम मालक ठरवतो, यात नवीन काही नाही. पण गावाबाहेरच्या मॉलमधून हाकललेला माणूस परत गावात येऊ शकतो. इथे मॉल हेच डाउनटाउन आहे. मेन स्ट्रीट तेवढा अजून सार्वजनिक उरलाय, आणि त्याच्या डोक्यावरून काचेचा पूल बांधलाय, म्हणजे खरेदी करता करता रस्त्यावर पायसुद्धा ठेवावा लागू नये. शहराचं धोरण अशा पुलांच्या विरोधात होतं, तरी याला परवानगी मिळाली. पूल देखणा आहे. तरी मला सगळ्या प्रकल्पात तोच सगळ्यात जास्त खटकतो.

पैशाचंही बोलायला हवं. या पंथात उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशमांश, चर्चला देण्याची शिकवण आहे. या बांधकामात दशमांशाचे पैसे वापरलेले नाहीत, असं चर्चनं सुरुवातीपासून सांगितलं. जेम्स हंट्समन या माजी सदस्यानं २०२१ मध्ये फसवणुकीचा दावा लावला. २०२५ मध्ये अपील कोर्टानं चर्चच्या बाजूनं निकाल दिला. पैसा राखीव निधीच्या गुंतवणुकीवरच्या कमाईतून येईल हे चर्चनं आधीच सांगितलं होतं, त्यामुळे फसवणूक झाली नाही, असं कोर्टाचं म्हणणं. कायद्याच्या दृष्टीनं विषय संपला. पण त्या निधीची मुळं दशमांशातच आहेत. मग ज्यांच्या पैशावरची कमाई इथे लागली, त्यांना हा बाजार हवा होता का, हे विचारायची जागा चर्चमध्ये नव्हती आणि शहरातही नव्हती.

काही जण म्हणतील, चर्च नसतं तर डाउनटाउन मेलं असतं. शक्य आहे. पण थोडं पश्चिमेला २००१ मध्ये उघडलेलं 'द गेटवे' होतं. सिटी क्रीक आल्यावर तिथली बडी दुकानं इकडे सरकली, अ‍ॅपलचं दुकानसुद्धा. म्हणजे इथे आलेली सगळीच गर्दी नवीन नव्हती.

आपल्याला हे अनोळखी नाही. लोअर परळला गिरणीच्या जागी फिनिक्स उभा राहिला तेव्हा चिमणी तेवढी ठेवली. इथे मेसीजच्या दर्शनी भागावर जुन्या झेडसीएमआय दुकानाची ओतीव लोखंडाची कमान-खांबांची सजावट जपली आहे. जुन्याचा चेहरा ठेवायचा आणि आतली मालकी, माणसं, वापर सगळं बदलायचं, ही रीत दोन्हीकडे सारखीच. फरक एवढाच की इथला मालक स्वतःला बाजारापेक्षा मोठ्या गोष्टीसाठी बांधील मानतो, म्हणून त्याच्याकडून अपेक्षाही जास्त आहे.

रविवारची सुट्टी मला उलट आवडते. त्या एका दिवशी हा बाजार आपलं खरं रूप सांगतो: हे आमचं घर आहे, तुम्ही पाहुणे आहात. बाकीचे सहा दिवस तो ही गोष्ट लपवतो. पाहुणचार उत्तम आहे, पण ज्या गावात तुम्ही राहता, कर भरता, तिथे मधोमध पाहुणा म्हणून किती वर्षं फिरायचं?

सोमवारी जॅकेट बदललं. मग मी आईला ओढ्याच्या दरीत घेऊन गेलो. तिथे पाणी गार होतं, थोडं गढूळ होतं आणि बराच आवाज करत होतं. ती काठावर बसली आणि यावेळी ते कुठून येतं हे तिने विचारलं नाही.