आयेल्ट्स नावाचं उपकरण

एरवी इथे मी जिवाणूंच्या बायोफिल्मबद्दल लिहिते. पण ऑक्टोबर लागला की मला येणारे प्रश्न बदलतात. परदेशातल्या बऱ्याच पीएचडी अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते आणि त्याआधी इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल हातात लागतो. मग "ताई, आयेल्ट्स किती दिवसांत होईल?", "टेम्प्लेट पाठवता का?" असे मेसेज सुरू होतात. तयारी कशी करावी हे सांगणारे व्हिडिओ पैशाला पासरी आहेत, त्यात माझी भर नको. मला त्याच्या आधीचा प्रश्न पडतो. प्रयोगशाळेत नवं उपकरण आलं की आपण आधी बघतो: हे नक्की काय मोजतं, याचं लघुतम माप किती, आणि हे चुकतं कुठे? आयेल्ट्सकडे असं बघताना मला फारसं कुणी दिसत नाही. सगळे थेट रीडिंग घ्यायला बसतात.

टोफेल आणि ड्युओलिंगोही आहेत, पण माझ्या ओळखीतले बहुतेक जण आयेल्ट्सच देतात, तेही ॲकॅडमिक प्रकारचं. म्हणून मुख्यतः त्याबद्दलच बोलते. परीक्षा १९८९ पासून चालू आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकाला शून्य ते नऊ बँड, आणि चारींची सरासरी म्हणजे तुमचा एकूण बँड. इतकं तुम्हाला माहीत असेलच.

वाचनाचा भाग मला मनापासून आवडतो, आणि तोही एका प्रश्नप्रकारामुळे. एक उतारा, खाली काही विधानं, आणि प्रत्येक विधानापुढे ट्रू, फॉल्स किंवा नॉट गिव्हन लिहायचं. सगळे घाबरतात ते या तिसऱ्या पर्यायाला. समजा उताऱ्यात एवढंच आहे की ज्या वर्षी तलावाची पातळी घटली, त्या वर्षी माशांची संख्याही घटली. खाली विधान येतं: पातळी घटल्यामुळे मासे कमी झाले. एमएस्सी झालेला मुलगा बेधडक ट्रू लिहितो, कारण त्याला परिसंस्थाशास्त्र माहीत असतं आणि कारण डोळ्यासमोर दिसत असतं. उत्तर मात्र नॉट गिव्हन. उताऱ्याने कारण सांगितलेलंच नाही, ते वाचणाऱ्याने घरून आणलंय. गंमत म्हणजे ज्याला त्या विषयातलं जास्त कळतं, तोच इथे जास्त फसतो.

हा फरक मराठी माणसाला खरं तर नवा नाही. 'असं म्हटलेलं नाही' आणि 'असं नाही, असं म्हटलंय' यांतलं अंतर आपल्या आजीलाही कळतं, शेजारच्या काकूंचा निरोप सांगताना ती ते काटेकोर पाळते. पण हे अंतर विज्ञानाच्या शिक्षणात आपल्याला कुणी मुद्दाम शिकवत नाही. आपल्याकडे पुस्तकात आहे ते बरोबर, नाही ते चूक, असे दोनच रकाने असतात. पुढे संशोधनात मात्र रोजचं काम तिसऱ्या रकान्यात चालतं. पेपरमध्ये जे म्हटलेलंच नाही त्यासाठी त्या पेपरचा संदर्भ देणं ही शोधनिबंधांमधली नेहमीची खोड आहे, आणि ती नॉट गिव्हनला ट्रू समजण्यातूनच येते. म्हणून या एका प्रश्नप्रकारावर महिनाभर घालवला तरी तो वाया जात नाही असं माझं मत आहे. परीक्षा रद्द झाली तरीसुद्धा.

लेखनाचा पहिला प्रश्नही असाच. एक आलेख, तक्ता किंवा प्रक्रियेचं चित्र असतं. वीस मिनिटांत किमान दीडशे शब्दांत त्यातलं ठळक काय ते निवडून सांगायचं, जिथे गरज तिथे तुलना करायची. का वाढलं, का घटलं, तुमचं मत काय, यातलं काहीही नको. म्हणजे शोधनिबंधातला 'निकाल' हा भाग लिहायचा आणि 'चर्चा' सुरू व्हायच्या आधी थांबायचं. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. आपली बीएस्सीची जर्नलं आठवा. निरीक्षण, तक्ता, आलेख, आणि त्याखाली सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेला निष्कर्ष. (याच 'जर्नल' शब्दाचा दुसरा अर्थ पीएचडीत कळतो तेव्हा जरा गरगरायलाच होतं.) सीएसआयआर नेटमध्ये फक्त पर्यायी प्रश्न, त्यामुळे तिथेही सलग चार वाक्यं लिहावी लागत नाहीत. विज्ञानशाखेतल्या कितीतरी मुलांचा स्वतः लिहिलेला इंग्रजी परिच्छेद कुणीतरी नीट वाचून त्याला गुण देतं, ते पहिल्यांदा या परीक्षेत. हे श्रेय तिला द्यायलाच हवं. तक्रार एवढीच की इथले आलेख फार सोवळे असतात. मी सोडवलेल्या एकाही आलेखात एरर बार नव्हता, नमुन्याचा आकार दिलेला नव्हता. आकडा म्हणजे आकडाच, त्याच्याभोवती शंका म्हणून नाही.

आता दुसरा प्रश्न. माझं खरं भांडण याच्याशी आहे. चाळीस मिनिटं, किमान अडीचशे शब्द, आणि पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट वजन. विषय सार्वजनिक: सरकारने अवकाश संशोधनावर खर्च करावा की आरोग्यावर, मुलांना मोबाइल द्यावा की नाही, असले. तुमचं मत मांडा, कारणं द्या, स्वतःच्या ज्ञानातली किंवा अनुभवातली उदाहरणं द्या. तपासणी चार निकषांवर होते: प्रश्नाला नीट उत्तर दिलंय का, मांडणीत ओघ आहे का, शब्दसंपत्ती किती, व्याकरण कसं. चौघांना सारखं वजन. तुम्ही सांगितलेलं खरं आहे का, हा निकष या चौघांत नाही.

परीक्षकाची बाजूही घेऊन बघू. ही भाषेची परीक्षा आहे. चाळीस मिनिटांत, पुस्तक हाताशी नसताना, खरा संदर्भ कुणी कुठून द्यावा? आणि परीक्षकाने हजारो उत्तरांमधला प्रत्येक दावा तपासायचा कसा? हे सगळं मान्य. पण उपकरण जे मोजत नाही, त्याकडे माणसं दुर्लक्ष करायला शिकतात, आणि इथे तर ती त्याच्या उलटं शिकतात. क्लासमध्ये सांगतात की प्रत्येक परिच्छेदात एक 'संशोधन' टाका. एका नामवंत विद्यापीठाच्या पाहणीनुसार इतके टक्के लोक अमुक करतात, वर्ष घाला, टक्केवारी घाला, कोण विचारतंय? माझ्या एका ज्युनियरच्या वहीत अशा पाच तयार 'पाहण्या' होत्या. विषय बदलला की नाव आणि टक्केवारी तीच, फक्त कर्म बदलायचं. प्रश्नात दिलेली सूचना स्वतःच्या ज्ञानातल्या उदाहरणांची आहे, खोट्या आकड्यांची नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि ती ही तयारी कशासाठी करत होती? संशोधनाला प्रवेश मिळावा म्हणून. जिथे आकडा बनवणं हा सगळ्यात मोठा गुन्हा, त्या दारातून आत जाण्यासाठी आकडे बनवण्याचा सराव चाललाय. यात कुणाला काही खटकत नाही याचंच मला जास्त नवल वाटतं.

बरं, ही सवय परीक्षेच्या खोलीतच राहिली असती तर मी एवढं लिहिलं नसतं. ती उद्देशपत्रात शिरते. दरवर्षी चार-पाच जण मला आपलं स्टेटमेंट ऑफ पर्पज वाचायला देतात, आणि नुकतीच आयेल्ट्स दिलेल्याचा मजकूर मला पहिल्या परिच्छेदात ओळखू येतो. सुरुवात 'आजच्या आधुनिक युगात'ने. मग 'मोरओव्हर', मग 'फर्दरमोर', मग संशोधनाने सिद्ध केलेलं काहीतरी, कुणाच्या ते नाही. दोन्ही बाजू समसमान मांडून शेवटी मध्यममार्ग. प्रयोगशाळेत स्वतः काय केलं, जेल चारदा का बिघडलं, पाचव्यांदा काय बदललं, ते कुठेच नाही. निवड करणाऱ्या प्राध्यापकाला तेच तर वाचायचं असतं.

यापेक्षा बरा प्रश्न काढता येत नाही असंही नाही. टोफेलमध्ये २००५ पासून एक प्रश्न होता: छोटा उतारा वाचा, मग त्याच विषयावरचं, त्या उताऱ्याला छेद देणारं व्याख्यान ऐका, आणि व्याख्यात्याने उताऱ्यातल्या मुद्द्यांना काय उत्तर दिलं ते लिहा. स्वतःचं मत नको, पुरावा समोर ठेवलेला. सेमिनारला बसणाऱ्या प्रत्येक पीएचडीवाल्याचं हेच काम असतं. जानेवारी २०२६ पासूनच्या नव्या टोफेलमध्ये हा प्रश्न उरलेला नाही. त्याऐवजी वाक्य जुळवा, ईमेल लिहा. परीक्षा आटोपशीर झाली, पण संशोधनाच्या सगळ्यात जवळचा प्रश्नच गेला.

लघुतम मापाचं बघू. आयेल्ट्सचं माप अर्ध्या बँडचं. सरासरी पाव आली तर वरच्या अर्ध्यावर नेतात, पाऊण आली तर पुढच्या पूर्णावर. म्हणजे ६.५, ६.५, ६, ६ याची सरासरी ६.२५, एकूण बँड ६.५. आता यातल्या एकाच भागात अर्धा बँड कमी करा: ६.५, ६, ६, ६. सरासरी ६.१२५, एकूण ६. एका भागातला अर्धा बँड म्हणजे लेखनात कदाचित एका परीक्षकाचा थोडा हात आखडता, ऐकण्यात कदाचित दोन-तीन उत्तरं, त्यातही एखादं निव्वळ स्पेलिंगमुळे गेलेलं. विद्यापीठाची अट साडेसहाची असेल तर एक मूल आत आणि दुसरं बाहेर. आपण आपल्या पेपरात दोन मोजमापांमधला इतका बारीक फरक 'खरा फरक' म्हणून दाखवला तर रिव्ह्यूअर फाडून खाईल. विद्यापीठं मात्र हीच रेघ वर्षानुवर्षं ओढत आली आहेत. यात परीक्षेपेक्षा ती वापरणाऱ्यांचा दोष जास्त आहे, असं मी म्हणेन.

ऐकण्याच्या भागात ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, उत्तर अमेरिकी असे उच्चार येतात. प्रत्यक्ष प्रयोगशाळेत तुमच्या शेजारच्या बाकावर चिनी पोस्टडॉक असेल, पलीकडे ब्राझीलची मुलगी, आणि गाइड जर्मन. त्यांचं इंग्रजी कळणं हे वेगळंच कौशल्य आहे, ते इथे मोजलं जात नाही. बोलण्याच्या परीक्षेबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ११ ते १४ मिनिटांच्या गप्पा असतात आणि परीक्षक सहसा सभ्य असतो. ॲक्सेंट आणायच्या फंदात पडू नका, एवढंच.

पुस्तकांचं म्हणाल तर केंब्रिजची क्रमांक घातलेली पुस्तकं पुरेशी आहेत, प्रत्येकात चार पूर्ण परीक्षा. अप्पा बळवंत चौकात गेलात की जाडजूड 'मास्टर गाइड' गळ्यात मारतील, ती घेऊ नका. केंब्रिजच्या पुस्तकाची शेवटची पानं मात्र आधी वाचा. तिथे खऱ्या परीक्षार्थींची उत्तरं त्यांच्या चुकांसकट छापलेली असतात, खाली बँड आणि परीक्षकाची टिप्पणी. पाच-साडेपाचची उत्तरं वाचताना आपलंच कुणीतरी बोलतंय असं वाटतं. मराठीत 'ए' आणि 'द' हा प्रकारच नाही, त्यामुळे ते कुठे गळतात आणि कुठे उगाच चिकटतात, हे दहा आदर्श निबंधांपेक्षा अशा एका चुकलेल्या उत्तरातून लवकर कळतं.

पैशाचंही बोलायला हवं. फी सोळा हजारांच्या वर आहे. जेआरएफ असेल तर महिन्याचे ३७,००० येतात, त्यातले चाळीस टक्क्यांहून जास्त इथेच गेले. जेआरएफ नसेल तर घरी मागायचे. निकाल दोन वर्षंच चालतो. एकाच भागात कमी पडलात तर तेवढाच भाग पुन्हा देण्याची सोय आता आहे, पण ती सगळी विद्यापीठं मानत नाहीत. म्हणून फॉर्म भरायच्या आधी विभागाला एक साधा ईमेल करा: पदवीचं माध्यम इंग्रजी असल्याचं कॉलेजचं पत्र चालेल का? बऱ्याच ठिकाणी चालतं. आपले सर वर्गात निम्मं मराठीत शिकवतात आणि पत्रात माध्यम इंग्रजी लिहितात, ही वेगळी गंमत. उत्तरपत्रिका तर इंग्रजीतच लिहिल्या होत्या ना.

आणि द्यावीच लागणार असेल, तर दुसऱ्या प्रश्नासाठी एकच नियम पाळा: जे स्वतः पाहिलंय तेवढंच उदाहरण म्हणून द्या. सूचनेत अनुभवही चालतो, आणि गुण त्यासाठीही तेवढेच मिळतात. गावातल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर नसणं, सेमी इंग्रजीच्या वर्गात विज्ञानाच्या तासाला अर्धा वर्ग गप्प बसणं, हे चालतं. बाकीचा वेळ पहिल्या दोन गोष्टींना द्या. आठवड्यातून एकदा आपल्याच क्षेत्रातल्या एखाद्या पेपरचा सारांश घ्या, मैत्रिणीला त्यावर दहा विधानं काढायला सांगा, आणि पुढे ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन लिहा. मग अदलाबदल करा. आमच्या लॅबमध्ये दर शुक्रवारी चहाच्या वेळी आम्ही हे करतो. मागच्या शुक्रवारी आमच्याच गाइडच्या जुन्या पेपरचा सारांश घेतला होता, आणि चार विधानांवरून दीड तास वाद चालला.