चालत्या गाडीला खीळ

आमच्या लहानपणी दुपारच्या वेळी गल्लीत बोहारीण यायची. आई जुनी लुगडी, वडिलांच्या विरलेल्या विजारी तिच्यापुढे टाकायची आणि अर्धा तास घासाघीस करून एखादे स्टीलचे पातेले पदरात पाडून घ्यायची. ते कपडे पुढे जुन्या बाजारात जायचे, रफू होऊन कुणाच्या तरी अंगावर चढायचे. जुने देऊन नवे घेण्याची रीत आपल्या घरात अशी मुरलेली आहे. पण त्या बोहारणीने लुगडे आईच्या देखत टराटरा फाडले असते आणि मग पातेले पुढे केले असते, तर गल्लीने तिला वेडी ठरवले असते. अमेरिकेच्या सरकारने २००९ मध्ये मोटारींच्या बाबतीत नेमके हेच केले, आणि त्याला कुणी वेडे म्हटले नाही.

या विषयाकडे मी वळलो तो एका रसायनामुळे. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीच्या स्टोअरमध्ये मी २२ वर्षे कारकुनी केली. तिथे सोडियम सिलिकेटची पिंपे यायची. वाळूत ते मिसळून त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडला की वाळू दगडासारखी घट्ट होते आणि तिचे साचे, कोअर तयार होतात. त्यात ओतलेले लोखंड पुढे कुणाच्या तरी इंजिनात जाते. निवृत्तीनंतर वाचनालयात बसून, शेजारी शब्दकोश ठेवून, मी अमेरिकेच्या त्या योजनेचे नियम वाचत होतो. तिथे हेच नाव भेटले. जुन्या गाडीचे ऑइल काढून टाकायचे, त्याजागी सुमारे दोन लिटर सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतायचे आणि इंजिन चालू करायचे. पाणी उडून जाते, मागे काचेसारखा थर राहतो आणि काही मिनिटांत इंजिन कायमचे जाम होते. ज्या पदार्थाने आम्ही इंजिनाचे भाग जन्माला घालत होतो, त्यानेच तिकडे धडधाकट इंजिने मारली जात होती.

धडधाकट हा शब्द मी जाणून वापरतो आहे. बंद पडलेली गाडी त्या योजनेत चालतच नव्हती. गाडी चालू स्थितीत हवी, तिची नोंदणी आणि विमा मागचे वर्षभर अखंड हवा, अशा अटी होत्या. गाडीचे सरासरी मायलेज गॅलनला १८ मैल किंवा त्याहून कमी, म्हणजे लिटरला साधारण साडेसात किलोमीटरच्या आत असले पाहिजे. अशी गाडी देऊन जास्त मायलेजची नवी घेतली की ३५०० किंवा ४५०० डॉलरची सवलत. मंदीने मोटार उद्योग गळपटला होता, म्हणून मुळात १०० कोटी डॉलर ठेवले. ते आठवड्याभरातच संपत आल्यावर आणखी २०० कोटी घातले. जुलैच्या अखेरीपासून २४ ऑगस्टपर्यंत, म्हणजे जेमतेम महिनाभरात, सुमारे ६ लाख ७७ हजार गाड्या मोडीत निघाल्या.

आकडे दिपवणारे होते. पण नंतर अभ्यासकांनी वही उघडली. अतिफ मियां आणि अमीर सूफी या अर्थतज्ज्ञांनी शहरवार विक्री तपासली. त्यांच्या हिशेबाने योजनेमुळे जादा विकल्या गेलेल्या गाड्या सुमारे ३ लाख ७० हजार. म्हणजे उरलेल्या ग्राहकांनी अनुदान नसते तरी त्याच सुमारास गाडी घेतली असती. आणि ही जादा विक्रीसुद्धा उसनी होती. पुढच्या काही महिन्यांत जे ग्राहक येणार होते, तेच आधी येऊन गेले. मार्च २०१० पर्यंत वाढ जवळजवळ पूर्ण धुऊन निघाली. मार्क होएकस्ट्रा, स्टीव्हन पुलर आणि जेरेमी वेस्ट यांनी टेक्सासमधील खरेदीवरून आणखी एक गोष्ट दाखवली. मायलेजच्या अटीमुळे लोकांनी लहान आणि स्वस्त गाड्या घेतल्या, त्यामुळे नव्या गाड्यांवरचा एकूण खर्च उलट घटला. ज्या उद्योगाला हात द्यायचा, त्याच्याच गल्ल्यात कमी पैसे पडले.

त्याच वर्षी जर्मनीने नऊ वर्षांहून जुनी गाडी मोडीत काढणाऱ्याला २५०० युरो दिले. ५०० कोटी युरो खर्च झाले, सुमारे २० लाख नव्या गाड्या खपल्या. तिथेही पुढच्या वर्षी विक्री ढासळली.

एवढा अनुभव गाठीशी असताना आपण काय केले?

आपले वाहन मोडणी धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी गांधीनगरच्या गुंतवणूकदार परिषदेत जाहीर झाले. कागदावर ते अमेरिकेपेक्षा शहाणे आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. नाव ऐच्छिक. गाडी मोडायची ती वयावरून नव्हे, स्वयंचलित केंद्रावरच्या योग्यता चाचणीत नापास झाली तर. नोंदणीकृत केंद्रावर गाडी दिली की प्रमाणपत्र मिळते. नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के भंगारमूल्य, कंपन्यांनी ५ टक्के सूट द्यावी असा सल्ला, नोंदणी शुल्क माफ, आणि राज्यांनी रस्ता करात खासगी वाहनांना २५ टक्क्यांपर्यंत व व्यावसायिक वाहनांना १५ टक्क्यांपर्यंत सवलत द्यावी अशी तरतूद. ते प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येते.

माझे बोट या शेवटच्या दोन टक्केवारींवर अडते. धोरणाच्या काही महिने आधी, जानेवारी २०२१ मध्ये, हरित कराचा प्रस्ताव मांडताना केंद्र सरकारनेच अंदाज दिला होता : एकूण वाहनांत व्यावसायिक वाहने सुमारे ५ टक्के, पण वाहनांच्या प्रदूषणात त्यांचा वाटा ६५ ते ७० टक्के. सन २००० पूर्वीची वाहने १ टक्क्याहूनही कमी, पण त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के. हे आकडे खरे मानले, तर सगळा जोर जुन्या ट्रक, टेम्पो आणि बसवर हवा. जास्त सवलत मात्र खासगी मोटारीला. धूर एकीकडे आणि पैसा दुसरीकडे. ज्याच्याकडे नवी मोटार घेण्याची ऐपत आहे, त्याला ती लवकर घ्यायला लावणे, एवढाच त्याचा अर्थ लागतो.

आता इंधनाचा हिशेब. अमेरिकेत मोडलेल्या गाड्यांचे सरासरी मायलेज लिटरला ६.७ किलोमीटर होते आणि नव्यांचे १०.६. म्हणजे १०० किलोमीटरमागे साडेपाच लिटर वाचले. आपली जुनी लहान मोटार १५ देते आणि नवी २० देते असे धरू. १०० किलोमीटरला वाचते जेमतेम १ लिटर ६७० मिलिलिटर. जुनी गाडी असलेला माणूस ती फिरवतो तरी किती? वर्षाला ३००० किलोमीटर धरले, तर बचत ५० लिटर पेट्रोलची, म्हणजे सुमारे ११५ किलो कार्बन डायऑक्साइड. नवी मोटार घडवताना पोलाद, अॅल्युमिनियम, काच, प्लॅस्टिक यांपायी होणारे उत्सर्जन हात राखून ४ टन धरले, तरी ते फिटायला सुमारे ३५ वर्षे लागतील. तोवर नवी गाडीही दोनदा मोडीत गेलेली असेल.

याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. हा हिशेब कार्बनचा झाला, काजळीचा नव्हे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाचे डिझेल इंजिन आणि पंचवीस वर्षांपूर्वीचे डिझेल इंजिन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुन्या ट्रकमागे स्कूटरवर अडकलेल्या माणसाला तो आकड्यांनी सांगावा लागत नाही. रस्त्याकडेला हातोडा-छिन्नीने गाडी फोडताना गटारात जाणारे ऑइल, बॅटरीतले आम्ल आणि शिसे यांपेक्षा नोंदणीकृत केंद्र केव्हाही बरे. आणि माझे स्वतःचे मीठ तर भंगारावरच शिजले. आमच्या फौंड्रीच्या भट्टीत रोज भंगार पडायचे. ते वितळवायला खनिजापासून लोखंड करण्यापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा लागते. पण भट्टीत काय टाकायचे याची निवड आम्ही करत असू. चालणारी मोटर, चांगला गिअर सापडला तर स्टोअरमध्ये यायचा, वितळवला जायचा नाही. एसटी महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत जुन्या सांगाड्यावर नवी बांधणी करण्याची रीत वर्षानुवर्षे आहे. शरीर थकले म्हणून सांगाडा फेकायचा नसतो, हे शहाणपण सरकारच्याच एका खात्याकडे आहे.

खरी तक्रार यापुढची. ऐच्छिक धोरण वयाच्या सक्तीकडे घसरते आहे आणि ही घसरण शुल्काच्या वाटेने होते आहे. माझ्याकडे २००५ ची पेट्रोलवरची व्हॅन आहे. मी तिचा तिसरा मालक. २०२० मध्ये तिची पहिली फेरनोंदणी केली तेव्हा शुल्क होते ६०० रुपये. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ते ५००० झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील मोटारीला १० हजार. येत्या नोव्हेंबरात माझी पाळी आहे. पर्यावरण कर वेगळा. व्हॅन बाजारात नेली तर ४० हजारांच्या वर कुणी देणार नाही. चाचणीत ती उत्तीर्ण होईल, हे आमच्या मिस्त्रीने छातीठोक सांगितले आहे. म्हणजे उत्तीर्ण होणाऱ्या गाडीलाही तिच्या किमतीच्या चौथाईचा दंड. मोडीत काढली तर भंगाराचे पैसे येतील, प्रमाणपत्रही विकता येईल, पण त्या दोन्हींतून दुसरी चालती गाडी येणार नाही. सवलत नव्या गाडीच्या किमतीवर टक्क्यांनी बेतलेली आहे. नवी गाडी ज्याच्या स्वप्नातही नाही, त्याला पाच टक्के काय आणि पंचवीस काय!

दिल्लीत ही घसरण तळाला पोचलेली दिसली. तिथे १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने घातलेली बंदी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. २०२५ मध्ये १ जुलैपासून अशा गाड्यांना पंपावर इंधन न देण्याचा हुकूम निघाला आणि लोकक्षोभामुळे काही दिवसांतच तो थांबवावा लागला. त्याच वर्षी १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून सक्तीची कारवाई तूर्त करू नका, असे सांगितले. वर्षाला २००० किलोमीटर फिरलेली आणि २०,००० फिरलेली गाडी जन्मतारखेवरून एकाच तराजूत तोलणे टिकणारे नाही, हे आता तरी लक्षात यावे.

मोटारीच्या बाजारात तिसरा मालक नावाचा एक माणूस असतो. पहिला मालक हौसेने घेतो, दुसरा हिशेबाने, तिसरा गरजेने. भाजीवाला, पेंटर, वाजंत्रीवाला, आजारी आईला तालुक्याच्या दवाखान्यात नेणारा मुलगा. अमेरिकेत जाम केलेल्या प्रत्येक इंजिनामागे असा एखादा तिसरा मालक होता, पण त्याची नोंद कोणत्याही खात्यात झाली नाही. विकलेली नवी गाडी मोजता येते. हाती न आलेली जुनी गाडी कोण मोजणार?

म्हणून मागणी साधी आहे. चाचणी कडक करा, हवी तर दरवर्षी घ्या, नापास गाडी खुशाल मोडा. अनुदान आधी जुन्या डिझेल ट्रकच्या मालकाला द्या आणि ते वापरलेली बीएस-६ गाडी घेतानाही चालू द्या. उत्तीर्ण झालेल्या गाडीकडून मात्र वयाचा दंड घेऊ नका.

नोव्हेंबरात मी १० हजार भरणार आहे. मिस्त्रीने ऑइल बदलून ठेवले आहे. झाकण लावताना तो म्हणाला, "साहेब, अजून धा वर्सं हलत नाही ही." मला त्याच्या शब्दावर सरकारी कागदापेक्षा जास्त भरवसा आहे.