किल्ल्याचा टोल

मुंबईच्या 'फोर्ट' भागात फोर्ट नाही. तटबंदी १८६०च्या दशकातच पाडली. शहराला हातपाय पसरायचे होते. नाव तेवढे मागे राहिले. आमच्या सोनगीरचे उलटे झाले आहे. किल्ला जागेवर आहे, आणि नाव टोलनाक्याने नेले. धुळ्याहून शिरपूरकडे जाणाऱ्या दहा जणांना विचारा, "सोनगीर माहीत आहे का हो?" नऊ जण म्हणतील, "तर काय! फास्टॅगचे पैसे तिथेच कापले जातात." दहावा त्या वेळी झोपलेला असतो.

आता यात टोलनाक्याला नावे ठेवायचे कारण नाही. खरे पाहता तोच किल्ल्याचा कायदेशीर वारस. ही टेकडी कोणी हौसेने बांधून काढली नव्हती. सेंधव्याकडून माळव्यात जाणारी वाट नजरेखाली राहावी, म्हणून हा किल्ला. आधी फारुकी, मग मोगल, मराठे आणि १८१८ साली इंग्रज, सगळ्यांना हवी होती ती वाट. किल्ला आपला सोबत आला. म्हणजे रस्ता आणि किल्ला यांचे भांडण नाही, नाते आहे. हे नाते परिसंवादवाल्यांना कळत नाही. तिथे 'विकास की वारसा?' असा विषय ठेवतात आणि दोन्ही बाजूंचे वक्ते, मुलीकडचे आणि मुलाकडचे बसावेत तसे, समोरासमोर बसवतात. चहा मात्र दोघे एकाच किटलीतला पितात.

रस्ता चौपदरी झाला हे चांगलेच झाले. ज्यांनी जुन्या आग्रा रोडवर ट्रकच्या मागे एसटीत बसून पुढच्या ट्रकवरचे 'हॉर्न ओके प्लीज' तासभर वाचले आहे, त्यांना जुन्या दिवसांची आठवण येऊन गहिवरून येत नाही. शिरपूरचा अत्यवस्थ रोगी धुळ्याला वेळेत पोचायला हवा, मग एखादा प्राचीन बुरूज काय म्हणतो याची कोण वाट पाहणार? माझी तक्रार रस्त्याच्या रुंदीबद्दल नाही. तो थांबायला सांगत नाही, याबद्दल आहे.

मुंबईत कसे झाले पाहा. मेट्रो-३ चे भुयार दादाभाई नौरोजी रस्त्याखालून न्यायचे होते. वर १८९८ ची जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटची इमारत, तिच्यात वाचनालय. २०१७ साली, काम चालू असताना, इमारतीवरच्या नक्षीचा एक तुकडा खाली आला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तिथले काम काही काळ थांबले, तज्ज्ञ आले, कंपने मोजायची यंत्रे आली. पुढे भुयारही झाले. २०२५ च्या ऑक्टोबरात गाडी कफ परेडपर्यंत धावू लागली, आणि वाचनालयही उभे आहे. दोन्ही साधता येते, फक्त कोणीतरी आधी आरडाओरडा करावा लागतो. त्या वाचनालयाला सभासद होते, वकील होते. सोनगीरच्या किल्ल्याचा सभासद कोण? करडे आणि करडांचा गुराखी. आणि तोही वकीलपत्र घ्यायला तयार नाही. "पडकी तटबंदी बघून घ्या लवकर," म्हटले, तर तो म्हणाला, "किल्ला काय पयी जास, भाऊ?"

पळत नाही, हे खरे. पण कंपने मोजायची यंत्रे जिथे येत नाहीत, तिथे दगड सुटला तरी त्याची बातमी होत नाही. त्याचा शेजारच्या घराला पाया होतो. आणि ज्यांना या दगडाचे काही वाटावे ते प्रवासी ताशी शंभरच्या वेगाने, काचा वर करून, पुढे गेलेले असतात. आमचे तांबट याची साक्ष देतील. सोनगीरची तांब्यापितळेची भांडी किती जुन्या नावाची! पण हंडा काही शंभरच्या वेगाने विकत घेता येत नाही. त्याला टिचकी मारून बघावी लागते, आणि टिचकी मारायला गाडीतून उतरावे लागते.

टोलनाक्यावर मात्र कोणाला सूट आहे त्याची सविस्तर यादी लावलेली असते. राष्ट्रपतींपासून सुरुवात. मी ती रांगेत उभा असताना अनेकदा वाचली आहे. गद्य म्हणून ती रुक्ष आहे, पण रचना भक्कम. त्या फलकाच्या चौथाई आकाराचा दुसरा एक फलक, 'डावीकडे वळा, किल्ला, भांडी, चहा', एवढाच मजकूर, लावायला कितीसा खर्च आला असता? वळणाची दिशा चुकली तरी चालेल, लोक विचारून घेतील.

हे आत्ताच बोलायचे कारण रेल्वे. बोरविहीर ते नरडाणा या मार्गाची पायाभरणी २०१९ च्या फेब्रुवारीत धुळ्याला झाली. मनमाड-इंदूरच्या ३०९ किलोमीटर मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ च्या सप्टेंबरात मंजुरी दिली. धुळ्याहून नरडाण्याकडे जायचे म्हणजे सोनगीरच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांतूनच जायचे. खानदेशाने या गाडीची वाट पिढ्यान्पिढ्या पाहिली आहे, तेव्हा तिला आडवे पडायला मीही जाणार नाही. मागणे इतकेच, की रूळ टाकण्याआधी कोणीतरी टेकडीवर चढून जावे, दगड किती सुटलेत ते वहीत लिहून ठेवावे आणि फोटो काढून ठेवावेत. वर जायला फार वेळ लागत नाही. उन्हाळ्यात मात्र सकाळी आठच्या आत जावे. त्यानंतर खानदेशातला दगड हात लावू देत नाही. आणि जवळपास स्टेशन बांधलेच, तर गावाकडे उतरायचा जिना किल्ल्याच्या बाजूला ठेवावा. मालधक्का पलीकडे गेला तरी चालेल. कांद्याच्या गोण्यांना इतिहासाची तेवढी ओढ नसते.