सिगारबरोबर काय प्यावं? ओर्तिसला विचारा

सिगार ओढायला नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी जे मार्गदर्शनपर लेखन होतं त्याचा साचा मला आता पाठ झाला आहे. आधी अभय दिलं जातं: घाबरू नका, यात बरोबर-चूक काही नसतं, तुम्हाला आवडेल ते चांगलं. मग वीसेक नियम येतात. आणि शेवटी एक तक्ता: या सिगारबरोबर ही रम, त्याबरोबर ती व्हिस्की, सकाळ असेल तर कॉफी. गेल्या दोन वर्षांत मी असं बरंच वाचलं. ऑनसाइटहून परतताना ड्यूटी फ्रीमधून सिगार आणायची सवय ऑफिसातल्या काही जणांना लागली, आणि त्या टोळक्यात मी एकटीच मुलगी. ‘हिला हलका दे’ हे वारंवार ऐकण्यापेक्षा हलका म्हणजे नक्की काय ते माहीत असलेलं बरं, असा साधा हिशोब होता.

तेवढ्यापुरतं हे लेखन कामाचं आहे, हे मान्य करू. सिगारमध्ये तीन थर असतात: आतला भरणा, त्याला बांधून ठेवणारं पान, आणि बाहेरचं देखणं वेष्टण. भरण्याची पानं झाडावर कुठे लागली यावर बरंच अवलंबून असतं. शेंड्याकडच्या पानांना ऊन जास्त मिळतं, ती जाड आणि कडक, त्यांना ‘लिगेरो’ म्हणतात. मधली ‘सेको’, सुगंधासाठी. तळाची ‘व्होलादो’, नीट जळण्यासाठी. म्हणजे कडकपणा मुख्यतः पोटातल्या मिश्रणावर ठरतो. वेष्टण काळंभोर असलं म्हणजे सिगार जहाल, हा नवख्यांचा आवडता गैरसमज. ‘मादुरो’ वेष्टण जास्त आंबवल्यामुळे काळं होतं आणि बरेचदा गोडसर लागतं. जाडीचंही तेच. जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, त्यामुळे ५० नंबरचा सिगार म्हणजे साधारण वीस मिलिमीटर. जाड सिगार कडक असतोच असं नाही, उलट तो थंड जळतो. कनेक्टिकटमध्ये कापडाच्या मांडवाखाली वाढवलेल्या पानाच्या वेष्टणाचा, आखूडसा, सौम्य सिगार घ्यावा. जेवून मग ओढावा. मिनिटाला एखादाच झुरका. धूर छातीत घ्यायचा नाही. हाताशी काहीतरी गोड ठेवावं. हा सल्ला चांगला आहे. पेयाबाबतही मूळ तत्त्व एकच: एकाने दुसऱ्याला गिळू नये. सौम्य सिगारवर धुरकट आयला व्हिस्की घेणं म्हणजे साध्या वरणभातात ठेचा कालवणं. ओकच्या पिंपात मुरलेली रम जमते, कारण लाकडातून आलेला व्हॅनिलाचा वास आणि भाजक्या साखरेची चव धुराच्या कडवटपणाला सांभाळून घेते.

माझी तक्रार सुरू होते ती चवीच्या वर्णनांपाशी. चामडं, ओली माती, सीडर, कोको, मिरी. हे शब्द निव्वळ थापा असतात असं नाही. सीडरचा वास येतो कारण सिगारच्या पेट्या ‘स्पॅनिश सीडर’च्या असतात (हे झाड सीडर नाहीच, महोगनीच्या कुळातलं, आपल्याकडच्या तूनचा नातलग). मिरी म्हणजे नाकातल्या मज्जातंतूंना धूर झोंबतो ती जाणीव. अमोनियाचा भपकारा आला तर पानं नीट आंबवलेली नाहीत. एवढं सांगितलं तर नवख्याला शब्दामागचं कारण कळेल. पण कारण सांगितलं की गूढ जातं, आणि या लेखनाला गूढ विकायचं असतं. त्यात शंभरपैकी गुण. ‘सिगार आफिसिओनादो’ हे अमेरिकी मासिक १९९२ साली निघालं, त्याने ही गुणपद्धत रुळवली. मी पाहिलेले बहुतेक सिगार पंच्याऐंशी ते पंच्याण्णवच्या मध्ये बसतात. आमच्याकडे कुणी असा स्केल डिझाइन रिव्ह्यूला आणला तर पहिला प्रश्न येईल: खालचे ऐंशी अंक कशासाठी ठेवलेत?

शिवाय या शब्दकोशात जनावराचं कातडं आहे, माती आहे, लाकूड आहे. माणूस मात्र नाही. सिगार ‘हाताने वळलेला’ असतो हे पेटीवर छापलेलं असतं, पण हात कुणाचा, हे कुठल्याच टिपणात येत नाही.

या विषयावरचं मला सापडलेलं सगळ्यात उपयोगी पुस्तक सिगारच्या दुकानात मिळणार नाही. फर्नांदो ओर्तिस (१८८१–१९६९) हा क्यूबाचा मानववंशशास्त्रज्ञ, शिक्षणाने वकील. त्याचं ‘कॉन्त्रापुन्तेओ कुबानो देल ताबाको इ एल आसुकार’ १९४० साली हवानात प्रसिद्ध झालं, प्रस्तावना मालिनोव्स्कीची. हॅरिएट दे ओनिस यांचा इंग्रजी अनुवाद १९४७चा, ‘क्यूबन काउंटरपॉइंट’ या नावाने. समाजशास्त्राचे विद्यार्थी यातली ‘ट्रान्सकल्चरेशन’ ही संकल्पना परीक्षेपुरती काढून घेतात आणि पुस्तक मिटतात. पण पुस्तकाचा पहिला भाग हा सरळसरळ सामना आहे, तंबाखू विरुद्ध साखर. चौदाव्या शतकातला स्पॅनिश कवी हुआन रुइस याने कार्निव्हल आणि लेंट यांची लढाई लावली होती, तो नमुना ओर्तिसने घेतला: एका बाजूला डॉन ताबाको, दुसऱ्या बाजूला डोन्या आसुकार. आपल्याला हा प्रकार परका नाही. शक्ती मोठी की शिव, यावर रात्रभर भांडणारा कलगी-तुरा आणि हे गद्य यांची जात एकच.

ओर्तिसचे सवाल-जवाब वाचताना मला पहिल्यांदा सिगार कळला. ऊस एका घावात तोडतात. तंबाखूचं पान एकेक करून, त्या-त्या पानाची वेळ बघून खुडतात. ऊस तोडला की घाई, लगेच गाळला नाही तर साखर उतरते. म्हणून यंत्र, म्हणून रेल्वे, म्हणून भांडवल, म्हणून शेकडो मजूर एकदम. तंबाखूला घाई नाही. पान वाळतं, ढिगात आंबतं, मुरतं. साखरेचं ध्येय सारखेपणा: कुठल्याही मळ्यातली असो, शेवटी पांढरी आणि सगळी एकसारखी. तंबाखूचं ध्येय वेगळेपणा: म्हणून नाव, पट्टी, पेटी, चित्र. साखर परदेशात जाऊन शुद्ध होते, सिगार घरूनच नटून निघतो. वस्तूच्या गुणधर्मातून शेतीची पद्धत, तीतून मालकी, मालकीतून राज्यव्यवस्था, अशी साखळी तो इतक्या सहज लावतो की इंजिनिअरला मोह पडावा. माझा तर पडला. हे पुस्तक वाचल्यावर ‘चांगला सिगार कसा निवडावा’ या प्रश्नाला ठोस उत्तर मिळतं: ज्यात वेळ घातला गेला आहे तो. धूर झोंबतो का, अमोनिया येतो का, एका बाजूनेच जळतो का, या सगळ्या खुणा कुणीतरी कुठेतरी घाई केल्याच्या असतात.

आणि पेयाचं काय? तेही पुस्तकात आहे. हा सगळा कलगी-तुरा रंगवून झाल्यावर शेवटी ओर्तिस भांडणाऱ्यांचं चक्क लग्न लावून देतो. त्यांचं अपत्य म्हणजे मद्य: साखरेच्या पोटी, तंबाखूचा बाप असलेल्या सैतानापासून झालेलं. तंबाखू, साखर, मद्य ही त्याची क्यूबन त्रयी. सिगार आणि रमची जोडी सगळे तक्ते सुचवतात, आणि कारण जिभेपाशी शोधतात. ओर्तिसच्या हिशोबात ही जोडी आधी जमिनीवर आणि बंदरात जमली, मग तोंडात. रम ज्या मळीतून होते ती साखरेचं उरलेलं. साखर ज्या मळ्यांतून आली तिथे गुलामी कायद्याने संपली १८८६ साली. व्हॅनिला आणि टोस्टेड ओकच्या मागे हे एवढं आहे.

इथवर मी ओर्तिसच्या बाजूने आहे. पण लग्न लावणाऱ्याने एका पक्षाची स्थळमाहिती जरा सजवून सांगितली आहे. त्याचा ताबाको पुरुष, स्वतंत्र, स्वाभिमानी, हातावर पोट असलेला कारागीर. त्याची आसुकार बाई, गुलामीत वाढलेली, परक्या पैशाची. तंबाखूच्या कामातही गुलाम होते. जीन स्टब्सचं १९८५चं ‘टोबॅको ऑन द पेरिफेरी’ हे क्यूबातल्या तंबाखू-कामगारांच्या इतिहासावरचं पुस्तक शेजारी ठेवून वाचलं की त्या स्वतंत्र कारागिराचे कोपरे झिजतात. आणि पानाची मधली शीर काढायचं काम? ते बायका करत, ‘देस्पालियादोरा’. हे काम झाल्याशिवाय सिगार वळलाच जात नाही. पुढे सिगारच्या बाजारात या बायकांचं काय झालं तर मांडीवर सिगार वळणारी कुमारिका, ही भाकडकथा. ओर्तिसने ती कथा रचलेली नाही, पण ज्या पौरुषाच्या रूपकावर त्याने आपला पहिला भाग उभा केला, त्याच रूपकावर आज लाउंजमधल्या चामडी खुर्च्या उभ्या आहेत. ‘हिला हलका दे’ हे वाक्य तिथलंच.

त्याच्या बाजूने एवढं सांगायला हवं की पहिल्या भागात जे काळं-पांढरं केलं आहे ते पुढच्या, कितीतरी लांब आणि टिपांनी भरलेल्या भागात तोच उसवतो. लोक पहिला भाग वाचून थांबतात, कारण तो मजेदार आहे. दुसरा भाग नीरस आहे आणि जास्त खरा आहे.

स्वातंत्र्याचा त्याचा दावा एका ठिकाणी मला पटतो, आणि ते ठिकाण या मासिकाच्या वाचकांना आवडेल. सिगारचं काम शांत असतं, यंत्राचा खडखडाट नाही, म्हणून १८६५ साली हवानाच्या ‘एल फिगारो’ कारखान्यात एक माणूस उंचावर बसून कामगारांना वाचून दाखवू लागला. वर्तमानपत्रं, कादंबऱ्या. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून देत. पुढच्याच वर्षी सरकारने यावर बंदी घातली. वाचन पुन्हा सुरू झालं, पुन्हा बंद पडलं, असं चालत राहिलं. फ्लोरिडात टॅम्पाच्या कारखान्यांतही असे वाचक होते; तिथे १९३१ साली मालकांनी ते काढून टाकले, आणि कामगारांनी संप केला. ‘माँतेक्रिस्तो’ हे सिगारचं नाव द्यूमाच्या कादंबरीवरून पडलं. ऊस गाळणाऱ्या कारखान्याच्या घरघरीत हे शक्यच नव्हतं. इथे वस्तूचा गुणधर्म खरोखर राजकारण घडवतो.

ओर्तिसला एक गोष्ट दिसण्याची शक्यता नव्हती. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे ते प्रसिद्ध ब्रिटिश आणि अमेरिकी अभ्यास १९५० साली आले, पुस्तकानंतर दहा वर्षांनी. आजच्या मार्गदर्शकांना ही सवलत नाही. ‘धूर छातीत घेऊ नका’ हा सल्ला ते असा देतात की जणू त्यात संरक्षण आहे. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. छातीत घ्यायची गरजच नसते. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. आणि तोंडाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगात तंबाखू आणि मद्य यांचे धोके नुसते बेरजेत येत नाहीत, एकमेकांना गुणतात. ‘पेअरिंग’ या शब्दाचा सगळ्यात चोख अर्थ साथरोगशास्त्राने सांगितला आहे. कुठल्या तक्त्यात तो रकाना नाही. मी दोन वर्षांत मोजून नऊ सिगार ओढले; दहावा ओढणार नाही असं काही मी म्हणत नाही. पण जो मजकूर मला माती आणि चामड्याची नोंद घ्यायला शिकवतो त्याने हिरड्यांची नोंद गाळावी, याला मी रसिकता म्हणणार नाही.

मराठी वाचकाला ओर्तिस वाचताना कोल्हापूर-निपाणीचा पट्टा आठवल्याशिवाय राहणार नाही. ऊस आणि तंबाखू तिथेही शेजारी, मळीतून दारू तिथेही. फक्त आपला तंबाखू नटून परदेशी गेला नाही, तो विडीत आणि चुन्याबरोबर तळहातावर राहिला. स्पेनच्या राजाने तंबाखूची मक्तेदारी लादल्यावर क्यूबातल्या तंबाखू-शेतकऱ्यांनी १७१७पासून तीनदा बंड केलं, आणि १७२३ साली त्यांच्यातल्या काहींना ठार केलं गेलं. निपाणीला १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर बसले, आणि तिथेही गोळीबारात माणसं गेली. ओर्तिसच्या सूत्रानुसार तंबाखू हे स्वतंत्र शेतकऱ्याचं पीक. असेल, पण भाव ठरवणारा कधीच तो नसतो.

हे पुस्तक कुणी मराठीत आणायचं ठरवलं तर पहिलीच अडचण लिंगाची येईल. स्पॅनिशमध्ये ‘आसुकार’ दोन्ही लिंगांत चालतो; शीर्षकात ओर्तिसने त्याला पुल्लिंगी ‘एल’ लावला आहे आणि आत तिला डोन्या केलं आहे. मराठीत साखर तर बाईच आहे, पण तंबाखू? मी इथवर त्याला पुरुष मानून लिहिलं खरं, पण आमच्या घरी तंबाखू मळली जाते, खाल्ली जाते, सुटत नाही. म्हणजे दोघीही बायका, आणि त्यांचं लग्न लावायचं तर ओर्तिसचा सैतानसुद्धा गोंधळेल. माझी सूचना अशी की अनुवादकाने साखरेऐवजी श्रीयुत ऊस घ्यावा आणि समोर श्रीमती तंबाखू उभी करावी.