रूपकाचा निवाडा : संवादाच्या दृश्यांकनाविषयी

लिखित संवादात बोलणारा दिसत नाही. ऐकणारा तर मुळीच दिसत नाही. संगणकाच्या जाळ्यावरील गटसंवादात ही उणीव विशेष जाणवते. ती भरून काढण्यासाठी झालेल्या दृश्यांकनाच्या प्रयत्नांकडे आपण तंत्रविद्येचा भाग म्हणून पाहतो. वस्तुतः तो अर्थनिर्णयाचा, म्हणजेच समीक्षेचाही प्रश्न आहे. अमेरिकेतील एमआयटीमध्ये ज्युडिथ डोनाथ यांच्या सहभागाने सिद्ध झालेल्या आणि १९९९ मध्ये मांडल्या गेलेल्या दोन रचनांच्या आधारे हे स्पष्ट करता येईल.

रिबेका श्युंग व डोनाथ यांच्या ‘पीपलगार्डन’मध्ये चर्चेतील प्रत्येक व्यक्तीचे एक फूल होते. तिचा प्रत्येक संदेश म्हणजे एक पाकळी. संदेश जुना होत जातो तसा पाकळीचा रंग फिका पडतो. देठाच्या उंचीवरून ती व्यक्ती गटात किती काळ आहे हे कळते. नवागताला गटाचे स्वरूप एका दृष्टिक्षेपात उमगावे, हे या रचनेचे बलस्थान होय.

परंतु रूपकात उपमेयावर उपमानाचे धर्मही आरोपित होतात. फुलाबरोबर बहर येतो, सौंदर्य येते. संगणक मोजतो ती संख्या. पाहणारा वाचतो तो बहर. वितंडवाद घालून शंभर संदेश पाठवणारा येथे डेरेदार दिसतो, तर एकच मर्मग्राही प्रश्न विचारणारा खुरटा ठरतो. जो केवळ वाचतो त्याला पाकळीच नाही. म्हणजे वर्णन वाटणारी ही आकृती प्रत्यक्षात निवाडा देत असते.

फर्नांदा व्हिएगास व डोनाथ यांच्या ‘चॅट सर्कल्स’मध्ये व्यक्ती म्हणजे एक रंगीत वर्तुळ असते. ती बोलली की वर्तुळ फुगून शब्द सामावून घेते आणि मग हळूहळू ओसरते. दूरच्या वर्तुळातील शब्द वाचता येत नाहीत. ऐकायचे तर जवळ जावे लागते. येथे मोठेपणा उक्तीचा आहे, व्यक्तीचा नव्हे, आणि तोही क्षणिक. मौन पाळणाऱ्याचे लहान वर्तुळही पटावर राहते. श्रोत्याला स्थान देणारी ही रचना मला अधिक प्रगल्भ वाटते. अर्थात तीही निर्दोष नाही : लांबलचक उक्तीला मोठे वर्तुळ मिळते, आणि पटावरील उपस्थिती म्हणजे अवधान नव्हे.

निखळ पारदर्शक चित्र संभवत नाही. म्हणून दृश्यांकनाची परीक्षा करताना ते काय दाखवते याबरोबरच कोणता अर्थ अशक्य करते, हेही विचारले पाहिजे. कारण आपल्या पाकळ्या मोजल्या जातात हे कळलेला माणूस पाकळ्यांसाठी लिहू लागतो. समाजमाध्यमांवरील पसंतीच्या आकड्यांनी आज आपल्याला हीच सवय लावली आहे. तेथे तर फुलाचा आडपडदाही उरलेला नाही.