काचेआडची पोथी

कुनमिंगला द्यान तळ्याकाठच्या युन्नान राष्ट्रीयता संग्रहालयातली वेशभूषेची दालने मी भराभर ओलांडली. पुतळ्यांना नेसवलेला सण कुठेही सारखाच दिसतो. पाय अडले ते लिपींपाशी.

नाशी समाजाची दोंगबा पोथी उघडी मांडली होती: चौकटींत पक्षी, डोंगर, माणसे. ही चिन्हे प्रत्येक शब्द नोंदवत नाहीत. पुरोहिताला पाठ असलेल्या मजकुराच्या त्या खुणा. मधली वाक्ये त्याच्या तोंडी. तेव्हा काचेआड आली ती अर्धीच पोथी, आणि 'चित्रलिपी' म्हणून आपण तिचे कौतुक करतो तेही चित्राचे, मजकुराचे नव्हे. २००३ साली युनेस्कोने या पोथ्यांची जागतिक स्मृतीत नोंद केली. कागदांची नोंद करता येते, म्हणणाऱ्याचे काय?

पलीकडे दाय लोकांची ताडपत्रे होती. चिनीत त्यांना 'बेइये' म्हणतात. त्यातला 'बेइ' संस्कृत 'पत्र'वरून आलेला. लिपीही ब्राह्मीच्या कुळातली. मी हरखले. एक अक्षर लागत नव्हते, तरी हरखले! म्हणजे मीही चित्रच पाहत होते.

परतल्यावर दोंगबा पोथीच्या छायाचित्राखाली मराठीत ओळ लिहायची होती. 'वाचायची पोथी' लिहिले, खोडले. 'म्हणायची पोथी' केले.