न्गुगी वा थिओंगो : कादंबरीचा वाचक आणि निबंधाचा वाचक

केनियाचे कादंबरीकार व निबंधकार न्गुगी वा थिओंगो (१९३८-२०२५) यांच्याविषयीची चर्चा बहुधा एका निर्णयाभोवती फिरत राहते. इंग्रजीत चार कादंबऱ्या लिहून प्रतिष्ठा मिळविल्यानंतर ते गिकुयू या आपल्या मातृभाषेत कादंबरी लिहू लागले. या निर्णयाची तात्त्विक मांडणी ‘डिकॉलनायझिंग द माइंड’ (१९८६) या निबंधसंग्रहात आढळते. भाषा ही संस्कृतीची वाहक असते आणि वसाहतवादाने भाषेच्या द्वारा मनावर ताबा मिळविला, हे त्यातील सूत्र आता सर्वपरिचित आहे. देशीवादाच्या चर्चेत वाढलेल्या मराठी अभ्यासकाला ते जवळचे वाटते आणि न्गुगींकडे मुळांकडे परतलेला लेखक म्हणून पाहण्याचा मोह होतो. हा अन्वयार्थ अपुरा आहे. न्गुगींच्या भाषाबदलात मुळांच्या ओढीपेक्षा वाचकवर्गाचा प्रश्न अधिक निर्णायक होता, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम कालक्रम लक्षात घ्यावयास हवा. ‘पेटल्स ऑफ ब्लड’ ही त्यांची इंग्रजी कादंबरी १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. इल्मोरोग या दुष्काळी खेड्याचे भांडवली नगरात होणारे रूपांतर, मद्यकंपनीच्या तीन संचालकांचा मृत्यू आणि त्यासंबंधी संशयित असलेल्या चौघांचे पूर्वायुष्य यांतून तिने स्वातंत्र्योत्तर सत्ताधारी वर्गावर थेट आरोप ठेवला. तरीही तिच्या प्रकाशनाने शासन हलले नाही. त्याच वर्षी कामिरिथू येथे शेतकरी व कामगार यांच्या सहभागातून ‘न्गाहिका न्देंडा’ हे न्गुगी वा मिरी यांच्यासह लिहिलेले गिकुयू नाटक गावकऱ्यांनीच उभारलेल्या खुल्या रंगमंचावर आले. नोव्हेंबरमध्ये प्रयोगांचा परवाना रद्द झाला, ३१ डिसेंबरला न्गुगींना अटक झाली आणि सुमारे वर्षभर ते विनाचौकशी कामिती तुरुंगात राहिले. १९८२ मध्ये तो रंगमंचही पाडण्यात आला. इंग्रजी कादंबरीत खपलेली टीका शेतकऱ्यांच्या तोंडी येताच असह्य ठरली. भाषेबरोबर श्रोता बदलतो, हे राज्यसंस्थेने समीक्षकांच्या आधी ओळखले. भाषाविषयक सिद्धान्ताची ग्रंथरूप मांडणी या अनुभवानंतर नऊ वर्षांनी झाली.

या बदलाचा कादंबरीच्या रूपबंधावर काय परिणाम झाला? ‘अ ग्रेन ऑफ व्हीट’ (१९६७) मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर गाव ज्याला वीर मानते तो मुगोच किहिकाचा घात करणारा निघतो. निवेदन मागेपुढे जाते आणि सत्य तुकड्यातुकड्यांनी हाती येते. ही संहिता एकट्याने, शांतपणे, पाने उलटून मागे जाऊ शकणाऱ्या वाचकाची अपेक्षा करते. तुरुंगात शौचकागदावर लिहिलेल्या ‘काइतानी मुथारबा-इनी’ (१९८०) या कादंबरीची घडण निराळी आहे. येथे कथा सांगतो तो गिचांडी गाणारा पारंपरिक कथक. प्रवासी मटाटूत, म्हणजे भाड्याच्या गाडीत, एकमेकांना आपली हकीकत सांगतात. पुढे चोर-दरोडेखोरांच्या स्पर्धेत प्रत्येक धनिक आपल्या लुटीची फुशारकी मारतो. पुनरुक्ती, म्हणी आणि गाणी यांची रेलचेल आहे, तर पात्रे वर्गांचे प्रतिनिधी आहेत. मनोविश्लेषणात्मक खोली हाच निकष मानला, तर ही घसरण ठरेल. परंतु प्रत्येक प्रसंग सुटा ऐकता येतो आणि पुनरुक्तीने तो स्मरणात राहतो. ही कादंबरी घराघरांत, बसमध्ये आणि मद्यालयांत मोठ्याने वाचली गेल्याची नोंद न्गुगींनीच केली आहे.

तथापि या रूपबंधाला ‘शुद्ध देशी’ म्हणता येणार नाही. बायबलमधील दृष्टान्तकथा, फाउस्टची कथा आणि मुद्रित कादंबरीचे तंत्र यांचाही त्यात वाटा आहे. न्गुगी परंपरा जतन करीत नाहीत, तिचा वापर करतात.

या वापराची किंमतही मोजावी लागली. चोर कोण हे येथे आधीच ठरलेले असते. वारिइंगाने अखेरीस झाडलेल्या गोळ्यांविषयी श्रोत्याच्या मनात द्विधा उरत नाही. मुगोच्या कबुलीने गावाला स्वतःकडे पाहावयास लावले होते, आणि तो आत्मपरीक्षणाचा क्षण या कादंबरीतून निसटतो. राजकीय कादंबरीच्या दृष्टीने ही हानी किरकोळ नव्हे, कारण अन्यायाशी आपले संगनमत तपासणे हेही राजकीय कार्यच होय. पुढे ‘मातिगारी’ (१९८६) मधील नायकाला खरा माणूस समजून पोलिसांनी त्याचा शोध घेतला आणि १९८७ मध्ये प्रती जप्त केल्या. कथा लोकांच्या बोलण्यात उतरल्याचा याहून मोठा पुरावा नाही. मात्र हरवलेली संदिग्धता परत मिळते ती ‘मुरोगी वा कागोगो’ या दीर्घ कादंबरीत. तिथे अफवा हीच निवेदनपद्धती होते आणि एकाच घटनेची अनेक कथने परस्परांना छेद देतात. मौखिकता आणि बहुस्वरता यांत विरोध नाही, हे न्गुगींनी येथे सिद्ध केले.

निबंधांचा प्रश्न याच दृष्टीने पाहावा लागेल. १९८६ मध्ये इंग्रजीचा निरोप घेऊनही ‘ग्लोबलेक्टिक्स’ (२०१२) सारखे वैचारिक लेखन आणि आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहिल्या. यास विसंगती म्हटले जाते. परंतु नैरोबी विद्यापीठातील इंग्रजी विभाग रद्द करावा, या १९६८ च्या सह-निवेदनापासून त्यांच्या निबंधाचा संबोध्य प्रायः विद्यापीठ हाच राहिला आहे. कादंबरी श्रोत्यांच्या मेळ्याशी बोलते, निबंध संस्थेशी वाद घालतो. विसंगतीचा आरोप याने सौम्य होतो, पण पुरता मिटत नाही. ज्या शेतकऱ्याच्या नावे भाषेचा युक्तिवाद केला, त्याच्यापर्यंत तो युक्तिवाद सहसा पोहोचला नाही. १९९४ मध्ये त्यांनी ‘मुतिइरी’ हे गिकुयू नियतकालिक सुरू केले, परंतु तेही अमेरिकेतून. १९८२ पासूनच्या निर्वासनाने समोर बसलेला श्रोता कल्पित श्रोता झाला. ही त्यांच्या बांधिलकीतील उणीव नसून निर्वासनाने लादलेली मर्यादा आहे, परंतु मूल्यमापनात ती वगळता येत नाही.

मराठी कादंबरीकारापुढे भाषेची निवड सहसा नसतेच, त्यामुळे न्गुगींचा निर्णय आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. त्यांचा प्रश्न मात्र लागू पडतो. मातृभाषेत लिहिल्याने श्रमिक वाचक आपोआप मिळत नाही. त्याच्यासाठी कामिरिथूसारखी जागा उभारावी लागते आणि कादंबरीचे रूपही नव्याने घडवावे लागते. देशीयतेची चर्चा भाषेपाशी थांबते तेव्हा हे दुसरे, अधिक कष्टाचे काम नजरेआड होते.